शेगडीवरचं अर्धं नाव

परभणीच्या आसपास कुणाच्याही घरी जा आणि जुनी पितळी घागर किंवा स्टीलचा डबा उचलून बघा. काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं दिसेल. साल त्र्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यानचं असलं आणि अक्षर मोत्यासारखं असलं, तर ते ताडकळसच्या सितारामचं आहे असं बेलाशक समजावं. लग्नात भांडं द्यायचं आणि त्यावर नाव घालायचं नाही, असं आपल्याकडं होत नाही. भांडं चार दिवसांनी इकडचं तिकडं होईल, पण कुणी कुणाला दिलं ते सात पिढ्यांना कळलं पाहिजे! म्हणून परभणीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर एक पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असायचा. तो सिताराम. शाळा सुटली होती, पण अक्षर सुटलं नव्हतं, म्हणून शेटजीनं त्याला ठेवून घेतलं होतं.

त्याच्या बापाला गावातली काही घरं ओंजळीत वरून पाणी वाढायची. त्याच घरांतल्या पाण्याच्या घागरींवर आता त्याचा पोरगा नावं घालायचा, आणि त्या घागरी मानानं देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या जायच्या. याला काय म्हणावं? सिताराम काही म्हणायचा नाही. तो ठिपके पाडायचा. तीन वर्षांत त्यानं हजारो नावं घातली, आणि त्यातलं एकच नाव अर्धं सोडलं. त्या अर्ध्या नावानं त्याचा चाळीस वर्षं पिच्छा पुरवला.

ते नाव होतं पंचफुलाचं. साल पंच्याऐंशी, मे महिना. पेडगावचे बन्सीधर गुरुजी बहिणीच्या लग्नाची खरेदी करायला आले होते. बहीण पूर्णेला रेल्वेतल्या कारकुनाच्या घरी पडणार होती, तिथं गॅस आला होता, म्हणून गुरुजींनी गॅसची शेगडी घेतली. दुधी रंगाची, कडेनं हिरवी रेघ, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. अख्ख्या पेडगावात तसली वस्तू कुणी बघितली नव्हती. गुरुजी सितारामला म्हणाले, "फक्त पंचफुला एवढंच घाल. माझं नाव नको, तिची वस्तू तिच्याच नावानं राहू दे." एवढं सांगून ते कापडाच्या दुकानात गेले. शेटजी जेवायला गेले होते.

आता सितारामनं पितळ बघितलं होतं, तांबं बघितलं होतं, स्टील बघितलं होतं. ही दुधी वस्तू काय आहे हे त्याला कुठून माहीत असणार? लोखंडाच्या पत्र्यावर काच वितळवून चढवतात, त्याला इनॅमल म्हणतात, आणि काचेवर छिन्नी मारत नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या घावाला बारीक कपची उडाली. त्याला वाटलं वरचा रंग असेल. 'पं' उमटला. 'च' घ्यायला गेला, तसा तळहाताएवढा टवका खाडकन उडाला आणि त्याच्या मांडीवर येऊन पडला.

शेटजी आता हाकलून देणार, आणि घरी बाप काय म्हणणार, हेच त्याला दिसायला लागलं. शेजारी पाट्या रंगवणारा पेंटर बसायचा. त्याच्याकडून सितारामनं मूठभर लांबी आणली, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायला वापरतात ती. ती टवक्यात भरली, बोटानं सारखी केली, वरून दुधी ऑइलपेंटचा हात मारला आणि पंख्याखाली वाळवलं. पोराच्या हाताला सफाई होती, काय सांगावं! दोन हातांवरून बघितलं तर कळत नव्हतं. गुरुजी घाईघाईनं आले, घरी हळद लागायची होती. त्यांनी विचारलं, नाव घातलंस का. सिताराम म्हणाला, घातलं, मागच्या बाजूला हाय. गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेगडी घेऊन ते गेले.

ती थाप सितारामला सहन झाली नाही. महिनाभरात त्यानं दुकान सोडलं. पण ती काच कशी चढवतात हे शिकल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून त्यानं हैदराबाद गाठलं आणि इनॅमलच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात राहिला. भट्टीवर बावीस-तेवीस वर्षं काढली. काचेची पूड पाण्यात कालवायची ती कढीइतकी पातळ की पिठल्याइतकी दाट, पत्रा तेजाबात किती वेळ बुडवायचा, भट्टी नुसती लाल झाली की नारंगी झाली, हे त्याला डोळ्यांनीच कळायला लागलं. पुढं कारखाना बंद पडला. बायको सरजाबाईला घेऊन तो ताडकळसला परत आला आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची लहान भट्टी उभी केली. दारावरच्या नावाच्या पाट्या करायच्या, जुन्या इनॅमलच्या शेगड्या, तसराळी, परातींना नवं रूप द्यायचं. पहिल्यांदा लोक हसले. मग शहरातल्या लोकांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं आणि सिताराम मिस्त्रीचं नाव नांदेडपर्यंत गेलं.

गेल्या भादव्यात, सोमवारच्या दुपारी, पूर्णेच्या बसमधून एक साठीची बाई उतरली. हातात गोणपाटात बांधलेलं ओझं. विचारत विचारत शेडपाशी आली, ओझं खाली ठेवलं आणि सरजाबाईनं दिलेलं पाणी एका दमात प्यायली. गोणपाट सोडलं तर आत दोन बर्नरची शेगडी. दुधी रंग, कडेनं हिरवी रेघ. समोरच्या पट्टीवर मात्र तळहाताएवढा रुपेरी रंग फासलेला आणि त्याच्या कडेनं गंजाची तांबूस कड.

सितारामनं ती बघताक्षणी ओळखली. पण अशी शेगडी काय एकच असती का, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि विचारलं, "कुठली म्हणायची बाई?"

बाई बोलायला लागली ती थांबेचना. तिचं नाव पंचफुला. माहेर पेडगाव. ही शेगडी तिच्या लग्नात भावानं दिली. सासरी पहिल्या पंधरवड्यातच समोरचा रंग फुगला आणि खालून करडी लांबी दिसली. सासू म्हणाली, तुझ्या मास्तर भावानं कुणाची तरी फुटकी शेगडी रंगवून नवी म्हणून दिली. सासऱ्यानं त्यावर रुपेरी रंग मारला, पण बोलणी काही मिटली नाहीत. जरा काही चुकलं की "रंगवलेल्या घरची" म्हणून ऐकवायचे. दिवाळीला भाऊ न्यायला आला, तेव्हा तिचा संयम सुटला आणि तिनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं. भाऊ म्हणाला, नवीन घेतली, वर तुझं नाव घातलंय, मागं बघ. सगळ्यांनी शेगडी उलटी-पालटी करून बघितली. नाव कुठंच नव्हतं. सासू हसली. आणि पंचफुला, विशीची पोर, तिनंही भावाला खोटं ठरवलं.

"माझ्या शबदावर भरवसा न्हाई त्या घरात पाणी पिनार न्हाई," असं म्हणून बन्सीधर गुरुजी उठले ते उठलेच. लग्नाकार्याला समोरासमोर आले, पण बहिणीच्या घरचा पाण्याचा थेंब त्यांनी चाळीस वर्षांत घेतला नाही. आता श्रावणात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पडली होती, जीभ जड झाली होती. पंचफुलाबाई भेटायला गेली, तर ते एवढंच म्हणाले की शेगडी नवी होती.

"मला आता नव्या-जुन्याचं काही न्हाई भाऊ," ती सितारामला म्हणाली. "तुमी ती नव्यासारखी करून द्या. मी त्याला दाखवीन, म्हनीन, दादा, बग, काई डाग न्हाई. तेवढंच त्याचं मन निवंल. त्यो फार दिवस काढंल असं दिसंना."

आणि सिताराम? बोलायची हीच वेळ होती, हे त्याला चांगलं कळत होतं. तो फक्त म्हणाला, आठ दिवसांनी या. बाई परतीच्या बसला निघून गेली. साठीला टेकलेला माणूस, हजार अंशाच्या भट्टीपुढं उभा राहणारा, आणि एका बाईपुढं त्याला एक वाक्य बोलता आलं नाही.

त्यानं कामाला सुरुवात केली, कारण हात रिकामे ठेवणं त्याला शक्यच नव्हतं. बर्नर काढले, समोरची पट्टी सुटी केली. रुपेरी रंग खरवडला, खालचा दुधी ऑइलपेंट खरवडला, आणि खाली दगडासारखी कडक झालेली लांबी लागली. ती त्याच्याच बोटानं सारखी केलेली होती, बोटाचा घसरलेला माग अजून दिसत होता. मग त्यानं उरलेली काच काढली आणि पट्टी तेजाबात टाकली. अर्ध्या तासानं चिमट्यानं बाहेर काढून धुतली, तर उघड्या करड्या पत्र्यावर ठिपके चकाकले. 'पं' पुरा आणि 'च' अर्धा. चाळीस वर्षं गंजाखाली राहून एक ठिपका बुजला नव्हता.

सिताराम पट्टी मांडीवर घेऊन तिथंच बसला. नवी काच चढली की हे ठिपके भरून जाणार. निळा-काळा पहिला थर, वर दुधी थर, दोनदा भट्टी, की पट्टी आरशासारखी. बाई खूश होईल, गुरुजींचं मन निवेल, आणि सिताराम सुटेल. कुणाला काही कळायचं कारण नाही. पण नव्या शेगडीवर नाव घालायला घेतलं होतं, याची जगातली एकमेव साक्ष ही पट्टी होती, आणि ती पुसणार होता सितारामच. त्याला स्वतःची शिसारी आली.

सरजाबाई चहा घेऊन आली आणि नवऱ्याचं तोंड बघून तिथंच बसली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं ही गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. आता सांगितली. लांबीसकट, पंख्यासकट, पाठीवरच्या थापेसकट. सरजाबाई बोलायला तिखट. नवरा चुकला की गल्लीला कळतं, अशी तिची ख्याती. पण तिनं आधी चहा त्याच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "भट्टी लावायच्या आदी त्या बाईला बोलवा. नंतर सांगितलं तर कोन खरं मानंल तुमचं? आमी तरी मानलं असतं का?"

त्यानं विचारलं, बाईनं चारचौघांत शिव्या घातल्या तर? सरजाबाई म्हणाली, घालू द्या. एवढ्या वर्षांच्या तिनं खाल्ल्या, त्यातल्या चार तुमी खा. आणि कप उचलून ती आत गेली.

फोन केल्यावर पंचफुलाबाई दुसऱ्याच दिवशी आली. तिला वाटलं काम बिघडलं. सितारामनं पट्टी तिच्या हातात दिली. तिनं पदरानं डोळ्यांवरचा चष्मा पुसला, पट्टी उजेडाकडं धरली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग सितारामनं सगळं सांगितलं. नाव कुणी घालायला घेतलं, टवका कसा उडाला, लांबी कुणी भरली, आणि गुरुजींना "मागच्या बाजूला हाय" असं खोटं कुणी सांगितलं.

बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सिताराम नंतर म्हणायचा.

"माझी आई गेली," ती म्हणाली, "तवा दादा एका कोपऱ्यात आन मी एका कोपऱ्यात बसून रडलो. एकमेकाच्या गळ्यात पडलो न्हाई. ह्या टवक्यापाई."

सितारामनं हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुधरेना. बाई म्हणाली, माझ्याफुडं हात जोडू नका, जोडायचे तर चला पेडगावला. तिनं पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि उभी राहिली. सितारामनं सदरा बदलला. निघताना पिशवीत कशाला कोण जाणे, जुनी छिन्नी आणि हातोडी टाकली. ताडकळस ते परभणी आणि परभणी ते पेडगाव, दोन्ही बसमध्ये दोघं एका बाकावर बसले होते, मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी ठेवून.

बन्सीधर गुरुजी पडवीत खाटेवर होते. दाढी वाढलेली, उजवा हात उशीवर तसाच पडलेला. बहिणीला बघून त्यांनी मान वळवली. पंचफुलाबाईनं वर्तमानपत्र सोडलं आणि पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ती म्हणाली, "दादा, नाव व्हतं. ह्ये बग. मीच आंधळी."

गुरुजींना आधी उमजेना. ते डावा हात लांबवून चाचपायला लागले. बोट 'पं'वर आलं, मग 'च'वर आलं आणि तिथं थांबलं. सिताराम खाटेच्या पायथ्याशी खाली बसला होता. बसून, मान वर न करता, त्यानं तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. आजवर ज्याला एकदाही सांगता आलं नव्हतं, त्याला दोन दिवसांत तीनदा सांगावं लागलं होतं. सांगून झाल्यावर तो वाट बघत राहिला. मास्तर माणूस, काय बोलेल ते खरं.

गुरुजींनी त्याच्याकडं मान वळवली. जीभ वळत नव्हती, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "पायरीवरचा पोरगा," ते म्हणाले. "अक्षर... लय चांगलं व्हतं."

सितारामला रडू आवरेना. चाळीस वर्षं त्याची समजूत होती की गुरुजी शिव्याशाप देत असतील, आणि गुरुजींना आठवत होतं ते त्याचं अक्षर.

मग गुरुजींनी डाव्या हातानं पट्टीवर टकटक केली. पंचफुलाबाईला वाटलं त्यांना पाणी हवंय, गादी हवीय, काहीतरी हवंय. त्यांनी मान हलवली. पुन्हा टकटक केली आणि सितारामकडं बघत म्हणाले, "अर्धं... ठिवू नगं. पुरं कर."

पडवीच्या उंबऱ्याजवळ पायरीचा सपाट दगड होता. सितारामनं पट्टी त्यावर ठेवली, पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. पंचफुलाबाई खाटेवर भावाचा निर्जीव उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. सितारामनं पहिला ठिपका पाडला. उघडा पत्रा होता, आता उडायला त्यावर काहीच नव्हतं. 'च' पुरा झाला. मग 'फु'. शेवटी 'ला'. प्रत्येक घावाला गुरुजी पापणी मिटायचे आणि उघडायचे, वर्गात पोरगं पाढे म्हणतंय आणि मास्तर मनात मोजतोय, तसं.

ताडकळसला आल्यावर सितारामनं भट्टी पेटवली. पहिला थर मुद्दाम पातळ ठेवला, दुधी थर त्याहून पातळ, म्हणजे ठिपके बुजू नयेत. भट्टीतून पट्टी नारंगी होऊन बाहेर आली आणि गार होता होता दुधी झाली. लांबून बघितलं तर कोरी. बोट फिरवलं तर काचेखाली नाव लागायचं, सगळं नाव. हिरवी रेघ त्यानं शेवटी ओढली. सरजाबाईनं बोट फिरवून बघितलं आणि एवढंच म्हणाली की बरं झालंय. सरजाबाईच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

शेगडी पूर्णेला पोहोचती करायला तो स्वतः गेला. पंचफुलाबाईनं ठेवून घेतली, पण त्याला 'बसा' म्हणाली नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि तो गेला पाहिजे असं सितारामलाही वाटत नव्हतं. बर्नर जोडून, पेटवून दाखवून तो उभ्या उभ्याच परतला.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये कुणाच्या तरी दाराची पाटी घासत होता, तेव्हा फोन वाजला. पूर्णेचा नंबर. पलीकडून आधी नुसता शेगडीवर चहा उकळल्याचा आणि माणसांच्या बोलण्याचा आवाज आला. मग पंचफुलाबाई बोलली.

"सितारामभाऊ, दादाला जीपमधून आनलंय. ओवाळून झालं. मी चहा ठिवला, तर त्यो म्हनला, आदी पानी दे."

एवढं बोलून तिचा आवाज फुटला. मग ती म्हणाली, परवा सरजाबाईला घेऊन या, चहाला. त्यानं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि हातातली पाटी तशीच टाकून सरजाबाईला सांगायला घरात गेला.